चरणमाळच्या माथ्यावरील एक मुक्काम

वार्षिकाच्या संपादकांनी यंदा आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी दिसली की इंग्रजीच्या शिक्षकाने इंग्रजीचा अभ्यास कसा करावा, याविषयी विद्यार्थ्यांस चार उपयुक्त गोष्टी सांगाव्यात. तसा लेख लिहावयास आम्ही बसलोही होतो. परंतु दोन पाने लिहून झाल्यावर आमच्या लक्षात आले की अभ्यास कसा करावा हे सांगण्यापूर्वी, आमचा स्वतःचा अभ्यास कोठे कच्चा निघाला ते सांगणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल. म्हणून ती पाने बाजूस ठेवून, गतवर्षी आमच्या हातून न ठरविता घडलेल्या एका मुक्कामाची हकीकत येथे देत आहोत.

आम्ही मूळचे या भागातले नव्हे. पाच वर्षांपूर्वी पिंपळनेरास आलो, तेव्हा पांझरेच्या काठचे हे बाजाराचे गाव, त्याच्या मागे उभी असलेली सह्याद्रीची निळसर रांग आणि बाजारच्या दिवशी डोंगरातून उतरून येणारी माणसांची रीघ पाहून आमचे मन प्रसन्न झाले होते. मात्र पहिल्याच आठवड्यात एक अडचण ध्यानात आली. आम्ही मराठी होतो, महाराष्ट्रातच होतो, तरी भोवतालचे बोलणे आम्हांस निम्मेअर्धेच कळे. बाजारात अहिराणी, डोंगराकडच्या पाड्यांवर कोकणी आणि भिल्ली, घाटाखाली नवापूरच्या बाजूस गुजराती. आणि शाळेच्या चार भिंतींत आमची पुस्तकी मराठी. अहिराणी ही निव्वळ बिघडलेली मराठी होय, अशी आमची त्या वेळी समजूत होती. ती चुकीची आहे हे पुढे वाचनाने कळले. ग्रिअर्सनसाहेबांनी हिंदुस्थानातील भाषांची जी प्रचंड पाहणी केली, तिच्या १९०७ साली निघालेल्या एका भागात खानदेशीचा विचार त्यांनी मराठीहून वेगळा, भिल्ली भाषांच्या सोबत केलेला आहे. आणि २०११ च्या जनगणनेत खानदेशी हीच आपली मातृभाषा असे सांगणाऱ्यांची संख्या १८ लाखांहून अधिक भरली. परंतु पुस्तकातून कळणे निराळे आणि कानाने शिकणे निराळे. चार वर्षांत आम्ही अहिराणीची दहा-वीस वाक्येही शिकलो नव्हतो. त्याची गरज आम्हांस वाटली नव्हती. शिकविणारे आम्ही होतो. शिकणे हे मुलांचे काम होते.

गतवर्षी नववीच्या वर्गात, शेवटच्या बाकावर, खिडकीपाशी एक मुलगा बसत असे. त्याचे नाव येथे देत नाही. उंच, सडपातळ, अंगाने कणखर आणि अत्यंत अबोल. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा आम्ही प्रत्येकास उभे करून धड्यातील पाच-पाच ओळी मोठ्याने वाचावयास लावल्या. या मुलाच्या वाट्याला आलेल्या ओळींत चाकू या अर्थाचा इंग्रजी शब्द होता. त्या शब्दाचा उच्चार ‘नाइफ’ असा होतो, हे आपणांस ठाऊकच आहे. परंतु लिहिताना त्याच्या आरंभी ‘के’ हे अक्षर निमूटपणे बसलेले असते. मुलाने दिसेल ते अक्षर प्रामाणिकपणे उच्चारले आणि ‘क्नाइफ’ असे म्हटले. सारा वर्ग हसला. आम्हीही हसलो, हे कबूल केले पाहिजे. मुलगा वाचावयाचा थांबला, खाली बसला, आणि त्या दिवसापासून दिवाळीच्या सुटीपर्यंत इंग्रजीच्या तासाला त्याने तोंड उघडले नाही. प्रश्न विचारला की उभा राही, मान खाली घाली, आणि ‘बस’ म्हटले की बसे. आम्ही आमच्या मनाशी त्याची नोंद ‘मंद’ अशी करून ठेवली आणि इतर मुलांकडे वळलो.

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली तेव्हा हा मुलगा आलाच नाही. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. पाचव्या दिवशी आम्ही त्याच्या वडिलांच्या नावे एक पत्र लिहिले आणि त्याच बाजूच्या एका मुलाच्या हाती देऊन धाडले. त्या पत्राचा मजकूर आम्हांस अजून तोंडपाठ आहे. कारण पुढे तो आम्हांसच मोठ्याने वाचावा लागला. तो असा होता: “आपला मुलगा कोणतेही कारण न कळविता शाळेत गैरहजर राहत आहे. त्यास अभ्यासाची आवड नाही. हा निष्काळजीपणा असाच चालू राहिल्यास त्याचे नाव पटावरून कमी करण्याचा विचार करावा लागेल. पालक या नात्याने आपण आपले कर्तव्य ओळखावे.” पत्र लिहून झाल्यावर, कर्तव्यदक्ष शिक्षकास वाटावे तसे समाधान आम्हांस वाटले.

त्यानंतर दोनच दिवसांनी, शनिवारी दुपारी, एका स्नेह्यास आगगाडीत बसवून देण्याकरिता आम्ही नवापुरास गेलो. नवापूरचे स्थानक ज्यांनी पाहिले नसेल त्यांनी अवश्य पाहावे. सुरत-भुसावळ मार्गावरील हे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. फलाटावरच्या एका बाकाचे तर अर्धे अंग एका राज्यात आणि अर्धे दुसऱ्यात आहे. त्यावर बसलेली दोन माणसे एकमेकांच्या शिदोरीतली भाकरी खात असली, तरी दोन राज्यांत बसलेली असतात. घोषणा हिंदीत, इंग्रजीत, मराठीत आणि गुजरातीत होतात. स्नेह्यास निरोप देऊन आम्ही त्या बाकावर क्षणभर बसलो, आणि चार भाषांतल्या घोषणा ऐकून, त्यांतल्या तीन आपणांस चांगल्या येतात याचा किंचित अभिमानही आम्हांस वाटला. तो अभिमान जेमतेम तीन तास टिकला.

परतीची गाडी म्हणजे एक काळी-पिवळी जीप. नऊ जणांच्या जागेत चौदा माणसे, टपावर कांद्याची रिकामी पोती आणि एक सायकल. चरणमाळचा घाट चढून आम्ही वर आलो, आणि माथ्यापासून थोड्याच अंतरावर गाडीखालून कडाडून आवाज झाला. गाडी थांबली. चालक खाली शिरला, पुष्कळ वेळ तेथेच राहिला आणि तेलाने माखून बाहेर आला. “मास्तर,” तो आमच्याकडे पाहून म्हणाला, “गाडी आते सकायलेच जाई.” एवढे अहिराणी आम्हांसही कळले: गाडी आता सकाळीच जाणार.

सूर्य मावळतीला टेकला होता. इतर प्रवासी आसपासच्या पाड्यांवरचेच होते. ते आपापली गाठोडी उचलून पायवाटांनी पांगले. खिशातला फोन काढून पाहिला, तर त्यास तेथे रेंज नव्हती. पिंपळनेरच्या दिशेने एक-दोन मालमोटारी गेल्या. आम्ही हात केला, त्या थांबल्या नाहीत. अंधार पडू लागला आणि हवेत गारठा आला. एकट्याने रस्त्यावर उभे राहण्याची आमची ती पहिलीच वेळ होती, आणि आम्ही मनातून घाबरलो होतो हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

इतक्यात रानाच्या बाजूने डोक्यावर जळाऊ लाकडांच्या मोळ्या घेतलेली दोन माणसे रस्त्यावर आली. पुढचा चाळिशीतला गृहस्थ होता. मागच्याने आम्हांस पाहताच डोक्यावरची मोळी झटकन खाली टाकली आणि तो ताठ उभा राहिला. अगदी वर्गात उभा राहत असे तसा. तो आमचाच विद्यार्थी होता.

“सर, तुम्ही इथं?” तो म्हणाला. पाच महिन्यांत त्याच्या तोंडून आम्ही ऐकलेले ते पहिले पूर्ण वाक्य.

आम्ही गाडीकडे बोट दाखविले. त्याने वडिलांस कोकणीत काहीतरी सांगितले. वडिलांनी आमच्याकडे एकवार पाहिले, हात जोडले, आणि मुलास दोन-तीनच शब्द सांगून ते पुढे चालू लागले. “बाबा म्हणतात, घरी चला,” मुलगा म्हणाला. आमच्या मनात नाना विचार आले. यांच्याच नावे आम्ही ते पत्र धाडले होते. ते पोचले असेल काय? नसेल तर बरे, असेही एकवार वाटून गेले. परंतु दुसरा मार्ग नव्हता. आम्ही त्यांच्या मागोमाग निघालो.

पायवाट अर्ध्या तासाची होती. दगड कोठे निसटता आहे, ओहळ कोठे ओलांडावयाचा, हे मुलगा अंधारातही पुढे चालत न थांबता सांगत होता. आम्ही दोनदा घसरलो. दुसऱ्या वेळी त्याने मागे येऊन आमचा हात धरला, आणि मग घर येईपर्यंत सोडला नाही.

घर म्हणजे शेणाने सारवलेल्या कुडाच्या भिंती, वर कौले, पुढे ओटा. आत एका अंगास धान्याची कणगी. मुलाची आई चुलीपाशी होती. आजी ओट्यावर बसली होती आणि तिच्या मांडीवर सहा-सात वर्षांची नात पेंगत होती. पाहुणा आल्याची वार्ता पाड्यावर पसरावयास वेळ लागला नाही. शेजारची पाच-सात माणसे येऊन ओट्यावर बसली. आम्हांस खाटेवर बसविले, पाय धुवावयास ऊन पाणी दिले, आणि मग सर्वांनी आमच्याकडे पाहत बोलावयास आरंभ केला.

वाचकहो, आपण कधी अशा मंडळीत बसला आहात काय, की जेथे सर्व जण आपल्याविषयी बोलत आहेत हे आपणांस कळते, परंतु काय बोलत आहेत ते मुळीच कळत नाही? प्रत्येक वाक्यानंतर आम्ही हसून मान हलवीत होतो. एका वाक्यानंतर आम्ही असेच हसून मान हलविली तेव्हा सर्व एकदम गप्प झाले. मुलाने हलक्या आवाजात सांगितले, “सर, ते काका त्यांचा बैल मेला ते सांगत होते.” आमचा चेहरा उतरला. न समजता समजल्याचा आव आणणे म्हणजे काय, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे पाहत आलो होतो आणि त्यावर मुलांस रागावतही आलो होतो. ते स्वतः करून पाहण्याचा प्रसंग प्रथमच आला.

तेव्हापासून मुलगा आमच्या शेजारी येऊन बसला आणि दुभाष्याचे काम करू लागला. आजी कोकणीत विचारी, तो आम्हांस मराठीत सांगे. आम्ही मराठीत उत्तर देत असू, तो कोकणीत फिरवी. एक शेजारी गुजरातेतून आलेला नातलग होता. त्याच्याशी तो गुजरातीत बोले. घाटात अडकलेल्या जीपचा चालकही एवढ्यात पाण्याचा हंडा मागावयास आला. त्याच्याशी याचे अहिराणीत चालले. चार भाषांतून तो एखाद्या घरातल्या चार खोल्यांतून वावरावे तसा, अडखळल्यावाचून, वावरत होता. आणि आमच्या वहीत त्याच्या नावापुढे ‘भाषा कच्ची’ असा शेरा होता.

जेवण आले. नव्या नागलीची भाकर, उडदाची डाळ, खुरासणीची चटणी आणि घरच्या शेतातल्या तांदळाचा भात. भूक सपाटून लागली होती आणि अन्न अत्यंत रुचकर होते. आजीने डाळीच्या भांड्याकडे बोट दाखवून त्या पदार्थाचे नाव सांगितले आणि आम्ही ते म्हणून दाखवावे अशी खूण केली. आम्ही म्हटले. सर्व मंडळी खो-खो हसली. पुन्हा म्हटले; हसणे वाढले. तो शब्द येथे लिहून दाखविण्याचे धाडस आम्ही करीत नाही, कारण तो अजूनही आम्हांस नीट म्हणता येत नाही. परंतु त्या हसण्याविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हसताना आजीने आमच्या पानात आणखी डाळ वाढली आणि तोच शब्द पुन्हा, सावकाश, एकेक अक्षर तोडून म्हणून दाखविला. मग पुन्हा. मग पुन्हा. आम्ही चुकत राहिलो. ती सांगत राहिली. तिच्या हसण्यात आणि जूनमधल्या आमच्या हसण्यात एवढाच भेद होता: हसून झाल्यावर तिने शिकविणे सोडले नाही.

आम्ही मान वर करून मुलाकडे पाहिले. तो हसत नव्हता. त्यास तो दिवस आठवत असावा. आम्हांस तर खात्रीच आहे.

जेवणे उरकल्यावर वडील उठले, आणि भिंतीवर टांगलेल्या पावरीमागे खोचून ठेवलेला एक कागद त्यांनी काढला. पावरी म्हणजे वाळलेल्या भोपळ्यास बांबूच्या नळ्या जोडून केलेले तोंडाने फुंकावयाचे वाद्य; मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात ते वाजते. कागद आमचाच होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी आमच्यापुढे धरला आणि काहीतरी म्हटले.

मुलाने खाली पाहत भाषांतर केले: “बाबा म्हणतात, मी वाचून दाखवलं, पण मुलगा स्वतःबद्दलचं कागद नीट वाचणार नाही. तुम्ही आलाच आहात, तर तुम्हीच वाचा.”

त्या घरची भाकर खाऊन, त्या घरच्या खाटेवर बसून, त्या घरच्या दिव्याच्या उजेडात आम्ही आमचे पत्र वाचले. आमच्या प्रत्येक वाक्यानंतर मुलगा ते कोकणीत सांगत होता. त्याने एकही शब्द सौम्य केला नाही, हे ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांवरून आम्हांस कळत होते. ‘त्यास अभ्यासाची आवड नाही’ हे वाक्यही त्याने जसेच्या तसे सांगितले असावे. ‘आपण आपले कर्तव्य ओळखावे’ येथे आमचाच आवाज बसला.

वडील रागावले नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि सावकाश बोलू लागले. मुलगा सांगत गेला. आषाढात बियाण्याकरिता आणि धाकट्या मुलीच्या दुखण्याकरिता मुकादमाकडून उचल घेतली होती. सोमवारी टोळी निघावयाची; मालमोटार रस्त्यापर्यंत येणार. पुढचे पाच-सहा महिने गुजरातेत बारडोलीच्या अंगास ऊस तोडावयाचा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयत्याच्या हिशेबाने उचल फिटते. निघण्यापूर्वी नागली कापून, झोडून, घरात आणली पाहिजे, म्हणून मुलास आठवडाभर घरी ठेवले. त्यास बरोबर न्यावे की आजीपाशी ठेवून शाळेत धाडावे, याविषयी घरात दोन मते होती. आईचे मत शाळेकडे होते. एवढ्यात शाळेचे पत्र आले. नाव कापणार असे त्यात लिहिले होते. नाव कापलेच जाणार, तर मग मुलास मागे ठेवून उपयोग काय? मोळ्या बांधावयास दोन हात वाढतील, उचल एक महिना आधी फिटेल. म्हणून शुक्रवारीच नक्की केले होते: मुलगा बरोबर येणार.

चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांस शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ साली झाला, हे आम्ही शिक्षकांच्या सभांत अनेकदा ऐकले आहे. हा मुलगा पंधराव्यात होता. जेथे कायद्याचे बोट सुटते तेथे शिक्षकाने हात धरावयाचा. आणि आम्ही तर तेथे धक्का दिला होता. त्याच्या गैरहजेरीचे कारण त्याने कळविले नव्हते हे खरे. परंतु आम्ही ते विचारलेही नव्हते.

आम्ही मुलास म्हटले, “बाबांना सांग, नाव कापले जाणार नाही. ते पत्र आम्ही न विचारता, रागाच्या भरात लिहिले. ती आमची चूक होती.”

मुलाने पहिले वाक्य सांगितले आणि तो थांबला. वडिलांनी विचारले, पुढे काय? तो बोलेना. आपल्या शिक्षकाची चूक आपल्या तोंडाने सांगणे त्यास जमेना. इतका वेळ चार भाषांतून धावणारी त्याची जीभ तेथे अडली. तेव्हा ज्या भाषेची दहा वाक्येही आम्ही चार वर्षांत धड शिकलो नव्हतो, तिचाच आश्रय आम्हांस घ्यावा लागला. अहिराणी त्या घरात सर्वांस कळत होती. आम्ही वडिलांकडे वळून म्हणालो, “मनी चूक व्हयनी.”

क्षणभर कोणी काही बोलले नाही. मग आजीने तोंडाला पदर लावला. आमच्या उच्चाराचे तिला हसू आले होते. वडील मात्र हसले नाहीत. त्यांनी पत्राची पुन्हा घडी केली, आमच्या हाती दिली, आणि मुलाच्या आईकडे पाहिले. त्या दोघांचे बोलणे पुढे बराच वेळ चालले. मुलाने ते आम्हांस सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही.

रात्री ओट्यावर आम्हांस अंथरूण घालून दिले. पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. चंद्र उशिरा उगवला आणि खळ्यातल्या नागलीच्या काडावर चांदणे पडले. झोप येईना. परक्या भाषेच्या माणसांत जाऊन राहिलेल्या थोर पुरुषांचे स्मरण झाले. फादर स्टीफन्स हे जातीचे इंग्रज. ते १५७९ साली गोव्यास आले आणि साष्टीत जवळजवळ ४० वर्षे राहिले. तेथल्या लोकांस आपली भाषा शिकवीत बसण्याऐवजी ते लोकांची भाषा शिकले. कोकणीचे व्याकरण त्यांनी रचले, आणि १६१६ साली छापलेले त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ तर मराठी ओव्यांत आहे. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले. रणभूमीवर शस्त्रक्रिया करता करता ते चिनी भाषा शिकले, त्या भाषेत विद्यार्थ्यांस शिकवू लागले, आणि १९४२ साली, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तेथेच त्यांनी देह ठेवला. एकाने समुद्र ओलांडला, दुसऱ्याने हिमालयापलीकडची भूमी गाठली. आमच्या शाळेपासून या ओट्यापर्यंत एक घाट देखील पुरता आडवा येत नाही, आणि तेवढे अंतर आम्ही चार वर्षांत काटले नव्हते. तेही गाडी मोडली म्हणून काटले गेले.

सकाळी जाग आली तेव्हा वडील खळ्यात उभे होते. मुलाने येऊन सांगितले, “बाबा म्हणतात, मी आणि बहीण आजीजवळ राहू.” त्याच्या बोलण्यात आनंद होता असे आम्ही म्हणणार नाही. आई-वडील सहा महिने दूर जावयाचे, घर, आजी आणि बहीण सांभाळावयाची, आणि पहाटे उठून शाळा गाठावयाची. पंधरा वर्षांच्या मुलास यात आनंद कसला? आणि त्या निर्णयाची किंमत आम्ही देत नव्हतो; ती आई-वडील देणार होते, उन्हात आणखी एक महिना राबून. आम्ही निरोप घेतला तेव्हा आजीने फडक्यात बांधून नागलीच्या दोन भाकरी दिल्या. “माय, येतो,” असे आम्ही म्हटले. तिने डाळीचा तो शब्द पुन्हा एकदा म्हणून दाखविला. आम्ही पुन्हा चुकलो.

सोमवारी इंग्रजीच्या तासाला खिडकीपाशची जागा रिकामीच होती. आमचा जीव खालीवर झाला. दिवसभर शिकविण्यात लक्ष लागले नाही. मंगळवारी तो आला. तास सुरू होण्यापूर्वी त्याने टेबलावर एक कागद ठेवला. तो रजेचा अर्ज होता, इंग्रजीत, पाच ओळींचा. त्यात लिहिले होते की काल माझे आई-वडील ऊसतोडीस गेले, त्यांस मालमोटारीपर्यंत पोचवावयास मी गेलो होतो, म्हणून मी गैरहजर होतो. अर्जात तीन चुका होत्या. त्या आम्ही लाल शाईने दुरुस्त केल्या, कारण ते आमचे कामच आहे. परंतु कारण कळविले होते. आणि ते त्याने आपण होऊन, आमच्या भाषेत, कळविले होते.

त्यानंतर वर्गात आम्ही एक प्रघात पाडला, तो अद्याप चालू आहे. रोज पाच नवे इंग्रजी शब्द फळ्यावर लिहावयाचे, आणि प्रत्येकापुढे मुलांनी आपापल्या घरचे शब्द सांगावयाचे: अहिराणी, कोकणी, भिल्ली, जो ज्याचा असेल तो. ते शब्द आम्ही म्हणून पाहतो आणि मुले आम्हांस दुरुस्त करतात. आम्ही चुकलो की हसतात. आणि हसून झाल्यावर पुन्हा सांगतात. चाकूचा दिवस आला तेव्हा खिडकीपाशचा मुलगा उठला, फळ्याजवळ आला, त्या निमूट अक्षराखाली त्याने रेघ ओढली, आणि “हे लिहायचं, पण बोलायचं नाही,” असे वर्गास समजावून सांगितले. वर्ग त्या दिवशी हसला नाही.

वैशाखात टोळी परत आली. मुलगा नववी उत्तीर्ण झाला. गुण बेताचेच पडले, आणि ते आम्ही वाढवून सांगणार नाही. यंदा तो दहावीत आहे. यंदाही आई-वडील उसास गेले आहेत, कारण उचल दर वर्षी फिटते आणि दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. एका शिक्षकाच्या एका मुक्कामाने ते चक्र थांबत नाही, हे आम्ही जाणून आहोत. पुढील वर्षी त्याचे काय होईल हे त्याच्या गुणांवर जेवढे अवलंबून आहे, तेवढेच पाऊस, बियाणे आणि बहिणीच्या प्रकृतीवरही आहे.

पालकहो, शाळेचे एखादे कठोर पत्र आपल्या हाती आले, तर ते भिंतीस खोचून ठेवून आपल्याच मनाशी निर्णय करू नये. ते घेऊन शाळेत यावे आणि लिहिणाऱ्यासच वाचावयास लावावे. त्याचा उपयोग होतो, हे आम्ही अनुभवाने सांगतो. विद्यार्थिमित्रहो, गैरहजेरीचे कारण सांगण्याची लाज बाळगू नका. आपल्या घरचे कष्ट ही लपविण्याची गोष्ट नव्हे. आणि आम्हां शिक्षकांविषयी म्हणाल, तर ते पत्र अद्याप आमच्या टेबलाच्या खणात, हजेरीच्या वहीवर ठेवलेले आहे. कोणास नवे पत्र लिहावयास घेतले, की ते आधी हातास लागते. आणि मग आम्ही लेखणी ठेवून, त्या मुलाचा पाडा कोणत्या वाटेवर आहे, याची चौकशी करावयास उठतो.